तिन्ही मशीनची किल्ली

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जुलै २००९

प्रिय प्रसेनदादा,

सप्रेम जयभीम.

वहिनी कशा आहेत? मामी बेंगळुरूला पोचल्याचं आईकडून कळलं. आता तुम्हाला निदान भाकरी तरी मिळेल.

हे मी कोपऱ्यावरच्या नेटकॅफेतून लिहितेय. फोनवर तुझ्याशी कॉम्प्युटरचं बोलता येत नाही. परवा तू सांगत होतास आणि मी लिहून घेत होते, त्यात स्पेस कुठं आणि डॅश कुठं ते कळलंच नाही. आणि आपल्या सर्व्हरला तू इंटरनेट जोडू दिलं नाहीस, त्यामुळं तिथून मेल करायची सोय नाही. ते बरंच आहे म्हणा.

अडचण अशी आहे. शिरोलीच्या कारखान्यानं संस्थेला दिलेल्या त्या जुन्या सर्व्हरवर दिवाळीच्या सुट्टीत तू लिनक्स घालून दिलंस आणि एकाच पेटीत तीन कॉम्प्युटर करून दिलेस. ते अजून चालतात. एक हिशोबाचं मशीन, एक पत्रव्यवहाराचं, आणि तिसरं 'घर'. आपल्याकडं आसऱ्याला आलेल्या बायका पुढं कुठल्या गावात, कुणाच्या घरी ठेवल्यात ते त्या तिसऱ्यात. ते मी आणि संस्था सांभाळणाऱ्या आक्का सोडून कुणी उघडत नाही.

लाईट गेली की तिन्ही मशीन बंद पडतात. परत चालू करायला मी लागते, कारण तो अधिकार फक्त माझ्या युजरला आहे. पण शनिवारी मी क्लासवर शिकवायला असते. मग हिशोबाचे कृष्णातकाका दिवसभर हातावर हात घेऊन बसतात. वर्षभर झालं त्यांना येऊन, एका शब्दानं कुणाला दुखवलं नाही त्यांनी. परवा म्हणाले, "पोरी, माझं मशीन मला चालू कराय दे की. तुला कशाला तरास?"

मी त्यांचा युजर केला. त्यांनी मशीनची खिडकी उघडली की ती म्हणते परवानगी नाही, जोडणी होत नाही. काय करू?

इथं सध्या सगळे भेदरलेत. इचलकरंजीची एक बाई आलीय. नवऱ्याचे लूम आहेत, चार माणसं बाळगून आहे तो. तिच्या गळ्यावरचे वळ बघितले आणि मला रात्री जेवण गेलं नाही. आक्कांनी तिला लगेच दुसरीकडं हलवलं. आता रोज सकाळी समोरच्या मेडिकलपाशी एक पांढरी सुमो येऊन थांबते. आत माणसं बसलेली असतात, उतरत नाहीत. आक्का म्हणतात, "बघू दे. बघून काय गावतंय?" पण त्याही आता खिडकीशी बसत नाहीत.

लवकर लिही.

तुझी,
दीक्षा

—

बेंगळुरू
१५ जुलै २००९

दीक्षा,

जयभीम. घाईत लिहितोय, दवाखान्याच्या फेऱ्या चालू आहेत.

सोपं आहे. मशीन चालवणाऱ्यांचा एक ग्रुप असतो, त्यात काकांचा युजर घालायचा. ओळ खाली वेगळी लिहिलीय, बघून जशीच्या तशी टाईप कर. मग काकांना पूर्ण लॉग-आउट करून परत यायला सांग. ग्रुप लॉग-इन होताना एकदाच वाचला जातो. तेवढं केलं नाहीस तर तासभर डोकं आपटशील.

तरीही मशीन चालू झालं नाही तर त्याची डिस्कची फाईल कुठं आहे ते बघ. तू ती तुझ्या स्वतःच्या फोल्डरात ठेवली असशील तर सर्व्हरला तिथं शिरता येत नाही. ती मूळच्या जागी हलव. आणि कुठल्याही फोल्डरला सगळ्यांसाठी सगळं उघडं करू नकोस. लोक वैतागून तसंच करतात.

सुमोचा नंबर लिहून ठेवा.

तुझा,
प्रसेन

—

राजारामपुरी
२१ जुलै २००९

प्रिय दादा,

जयभीम. चाललं. तू म्हणालास तसंच होतं. ग्रुपमध्ये घातलं, लॉग-आउट केलं, जोडणी झाली. पण मशीन उठेना. बघते तर डिस्कची फाईल माझ्याच फोल्डरात. जागा कमी पडली म्हणून मेमध्ये मीच हलवली होती आणि विसरले होते. परत जागेवर ठेवली आणि काकांनी स्वतःच्या हातानं मशीन चालू केलं. आधी तीनदा बोट पुढं नेऊन मागं घेतलं. मी म्हटलं, काका, बटणच आहे ते, चावत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून भडंग करून आणलं, सगळ्यांना वाटलं.

वहिनींची तब्येत कळव. आई रोज विचारते.

एक बारीक गोष्ट आहे, तू हसशील. काल मी 'घर' उघडलं. मी नेहमी शेवटच्या नोंदीवर थांबते, म्हणजे इचलकरंजीच्या बाईवर. काल उघडलं तर समोर दुसरंच पान. धोंडुबाई म्हणून दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी आहे, तिचं. मी त्या पानावर गेल्याचं मला आठवत नाही. आक्कांना विचारलं, त्या म्हणाल्या आठवडाभर मी हात लावला नाही. माझाच हात लागला असेल. आजकाल सुमोच्या भीतीनं मी काय करते ते मलाच कळत नाही.

काल सुमोतला एक माणूस उतरला. कार्यालयात आला, पाणी मागितलं. पाणी पीत पीत सगळीकडं बघत होता. सर्व्हरकडं बघून म्हणाला, "हे कशाला एवढं मोठं?"  काकाच म्हणाले, "हिशोब असतो पावणं." तो हसला आणि गेला.

दीक्षा

—

बेंगळुरू
३० जुलै २००९

दीक्षा,

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. सगळं नंतर सांगतो, कारण तुझं पत्र आज वाचलं आणि अंगावर काटा आला. नऊ दिवस ते मेलबॉक्समध्ये पडून होतं.

मी तुला अर्धंच सांगितलं होतं. त्या ग्रुपला एक मशीन वेगळं काढून देता येत नाही. त्यात जो असतो तो तिन्ही मशीनचा मालक असतो. चालू करायची परवानगी म्हणजे बंद करायची, डिस्क काढून न्यायची, पडदा उघडून आत बघायची, सगळीच. हिशोबाची किल्ली म्हणून आपण काकांच्या हातात जी दिली, ती 'घर'चीही किल्ली आहे. मला दवाखान्याच्या बाकावर हे सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं.

आता मला सांग, 'घर'मधून उठताना तू आतून लॉग-आउट करतेस, का नुसती खिडकी बंद करून जातेस? खिडकी बंद केली तरी आतला कॉम्प्युटर तुझ्या नावानं उघडाच राहतो. ज्यानं ती खिडकी परत उघडली, त्याला तुझं पान जसंच्या तसं दिसतं. पासवर्ड लागत नाही.

काकांना आजच ग्रुपमधून काढ. ओळ खाली आहे. कुणावर आळ घेऊ नकोस. आधी दार लाव.

प्रसेन

—

राजारामपुरी
१ ऑगस्ट २००९

दादा,

मुलीचं ऐकून आनंद झाला असं लिहायचं होतं. आनंद झालाच आहे. पण तुझा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मी नुसती खिडकीच बंद करत होते. कायम.

गुरुवारीच काकांना ग्रुपमधून काढलं. काल सकाळी ते आले, सर्व्हरसमोर बसले. मी फाईल घ्यायला म्हणून त्यांच्या मागं गेले, तर त्यांच्या खिडकीत तिन्ही मशीन तशीच दिसत होती. 'घर'सुद्धा. मला वाटलं माझी ओळ चुकली. मग तुझंच वाक्य आठवलं, ग्रुप लॉग-इन होताना एकदाच वाचला जातो. काका कधी लॉग-आउट करतच नाहीत, नुसता पडदा कुलूपबंद करून घरी जातात. म्हणजे मी नाव काढलं तरी त्यांची जुनी परवानगी जिवंतच होती.

ते जेवायला गेल्यावर मी त्यांचं सगळं बंद पाडलं. परत आले, खिडकी उघडेना. परवानगी नाही म्हणाली.  त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या पडद्याकडं बघत बसले आणि मग डबा घेऊन गेले. जाताना चप्पल उलटी घातली होती.

आज मी क्लास बुडवून कार्यालयात बसले, तर ते आलेच नाहीत. फोन बंद आहे. आणि दादा, आज समोर सुमोही नाही. रोज ती दिसायची तेव्हा मला भीती वाटायची. आज दिसत नाही तर त्याहून जास्त वाटतेय.

त्यांनी पत्ता विकला असेल का? त्या दिवशी पाणी प्यायला आलेल्या माणसाला ते पावणं म्हणाले, ते ओळखीतून की उगाच? इचलकरंजीच्या बाईला काही झालं तर ते माझ्या हातानं झालं. आक्कांना मी अजून सांगितलेलं नाही.  सकाळपासून अनोळखी नंबरवरून फोन येत होते, मी फोनच बंद करून ठेवलाय.

काय करू ते सांग.

दीक्षा

—

बेंगळुरू
१ ऑगस्ट २००९, संध्याकाळ

दीक्षा,

ते अनोळखी नंबर माझे होते, दवाखान्याच्या बूथवरून. आता तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितोय.

तू भलत्याच बाईसाठी घाबरतेयस असं मला वाटतं. तुझं २१ तारखेचं पत्र परत वाच. इचलकरंजीच्या बाईचं पान तू उघडं ठेवलं होतंस, समोर आयतं होतं. ज्याला ते हवं होतं त्याला दुसरीकडं जायची गरजच नव्हती. पण कुणीतरी तिथून उठून दोन वर्षं मागं गेलं आणि एका पानावर थांबलं. धोंडुबाई कोण आहे?

हे वाचलंस की पहिल्यांदा आक्कांकडं जा. त्या रागावल्या तर रागावू देत. मग मला फोन कर.

दादा

—

राजारामपुरी
९ ऑगस्ट २००९

प्रिय दादा,

फोनवर मला नीट सांगता आलं नाही. आज सावकाश लिहिते.

रविवारी नेटकॅफे उघडल्या उघडल्या तुझं पत्र वाचलं आणि तशीच पळत सुटले. आक्का कार्यालयाच्या वरच राहतात. दाढदुखीनं तोंडाला फडकं बांधून बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ग्रुप, खिडकी, काका, सगळं. त्यांना यातलं किती कळलं माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "पान दाव."

'घर' उघडलं. धोंडुबाई, वय बावीस, पन्हाळ्याकडचं गाव. सोबत फोटो. घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणाली, दुसरीकडं मन होतं. चुलत्यानं त्या मुलाचा पाय मोडला आणि हिला खोलीत कोंडलं. तिथून निसटून ती आपल्याकडं आली. आक्का फोटोकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "हिनं खरं नाव मला कधी सांगितलं न्हाय. आजीचं नाव लावते म्हणली. ही नाकाची ठेवण बघ, दीक्षा. रोज समोर बसतंय की हे नाक."

मला तेव्हा दिसलं. कृष्णातकाकांची मुलगी. वर्षभर तो माणूस आमच्या कार्यालयात हिशोब लिहीत होता, तो यासाठी. उघडल्यावर त्याला त्याच्याच आईचं नाव दिसलं असेल.

तिला चंदगडकडं ठेवलं होतं, काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या तानाबाईंच्या घरी. आक्कांनी फोन लावला. तानाबाई म्हणाल्या, "आक्का, मीच करणार हुते. सकाळधरनं एक माणूस समोरच्या झाडाखाली छत्री घिऊन बसलाय. काय बोलत न्हाय, हलत न्हाय. पोरगी बघून आत गेली ती कोपऱ्यात बसलीया. कोण हाय म्हणून सांगत न्हाय."

आक्कांनी पोलिसांना फोन केला. तिकडून माणूस पाठवतो म्हणाले. मग ओळखीची जीप घेऊन आम्ही निघालो.  रस्ताभर मी मनात तिचं काय काय झालं असेल ते बघत होते. 

पोचलो तेव्हा काका तिथंच होते. छत्री होती तरी गुडघ्यापर्यंत भिजलेले. तानाबाईंच्या दारात सात-आठ बायका उभ्या होत्या. सगळ्या काजू फोडणाऱ्या. टरफलाच्या तेलानं त्यांचे हात काळे झालेले असतात, धुऊन जात नाहीत. त्या काहीच करत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

मला बघून काका उठले. "पोरी, म्या तुझ्या मशीनचं कायबी बिघडवलं न्हाय," म्हणाले. "आत शिरायचंबी माझ्या मनात नव्हतं. खिडकी उघडली तर दिसलंच. मग हात थांबंना."

आक्का म्हणाल्या, "काय पाहिजे तुम्हाला?"

"बघायचं हुतं. जिवंत हाय का न्हाय ते. धा दिस जाऊ का नको करत हुतो, परवा खिडकी बंद झाली आन् निघालो. बघितली. दारात आलती, मला बघून आत गेली. आता जातो म्या."

मला त्यांची दया आली. खरंच आली. पण आक्कांनी विचारलं, "हितला पत्ता कुणाकुणाला सांगितलात?"

"कुणालाच न्हाय. मालकिणीला, पोरीच्या आईला, तेवढं सांगितलं. दोन वर्सं अन्न गोड लागलं न्हाय तिला. तिला न सांगून कसं चालंल?"

"आणि तिनं?"

 काकांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. तो प्रश्न त्यांच्या मनात तोपर्यंत आलाच नव्हता.

आक्का वळल्या, बायकांमधून आत गेल्या. मागच्या अंगाला काजूच्या टरफलांचं आवार आहे, त्यातून वाट आहे. आमची जीप ड्रायव्हरनं तिकडं नेली. मी उंबऱ्यावरच राहिले. आणि तेवढ्यात रस्त्यावर दुसरी जीप येऊन थांबली.

तिघं उतरले. पुढचा काकांसारखाच दिसतो, पण अंगानं दुप्पट. केरबा, काकांचा धाकटा भाऊ. त्यानंच त्या मुलाचा पाय मोडला होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नीट चिखल चुकवत आला आणि म्हणाला, "दादा, लई लांब आलास की. मला न सांगता?"

मग बायकांना म्हणाला, "आमच्या घरची पोरगी हाय. सरका बाजूला." बायका सरकल्या नाहीत. माझ्याकडं बघून विचारलं, "तू कोण?"

मी म्हटलं, "मी कॉम्प्युटर बघते." दादा, दुसरं काही सुचलंच नाही.

तेव्हा काका मध्ये आले. हात जोडून भावाला म्हणाले, "केरबा, हितं न्हाय ती. कालच गेली म्हणत्यात. म्याबी सकाळधरनं बसून हाय, गावली न्हाय मला." इतकं सहज बोलले की क्षणभर मलाही खरं वाटलं. आत त्याच वेळी मागचं दार वाजलं. केरबाला ऐकू गेलं का ते मला आजही माहीत नाही.

त्यानं काकांना ढकललं, दोन बायकांना बाजूला सारलं आणि आत गेला. मी डोळे मिटून घेतले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मग तो हातात एक ताट घेऊन बाहेर आला. भात अर्धा खाल्लेला, आमटी अजून गरम. त्यानं ते काकांच्या समोर धरलं. "काल गेली व्हय?" म्हणाला आणि ताट खाली टाकून मोठ्या भावाच्या थोबाडीत मारली. काका पडले नाहीत. हात जोडलेलेच राहिले. परत तेच म्हणाले, "हितं न्हाय ती."

मागच्या रस्त्याला आमच्या जीपचा आवाज ऐकू आला तशी केरबा आणि त्याची माणसं आपल्या जीपकडं पळाली. पण तानाबाईंसकट सगळ्या बायका त्यांच्या जीपपुढं जाऊन चिखलात बसल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. एक बसली, मग दुसरी. केरबानं गाडी चालू केली, पुढं घेतली. चाक एका म्हाताऱ्या बाईच्या पायापाशी येऊन थांबलं. तिनं पाय मागं घेतला नाही. ती वरही बघत नव्हती. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. शेवटी मोटरसायकलवरून एक हवालदार आला. एकटाच आला, पण आला.

केरबा जाताना माझ्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "कॉम्प्युटरवाली, तुझं गाव कुठलं?" मी सांगितलं नाही. पण दादा, त्याला कळायला किती वेळ लागेल?

त्या मुलीचं खरं नाव प्रियदर्शनी आहे. आता ती कुठं आहे ते फक्त आक्कांना माहीत आहे. मी विचारलं नाही.

बाळाचं नाव काय ठेवताय?

दीक्षा

—

बेंगळुरू
१४ ऑगस्ट २००९

दीक्षे,

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती बाळाला छातीशी धरून ऐकत होती, मध्येच उठून खोलीत गेली.

तुझ्या हातानं झालं असं लिहू नकोस. ओळ मी लिहिली होती, तू टाईप केलीस. यापुढं 'घर' त्या पेटीत ठेवायचंच नाही. ग्रुप, परवानगी, कितीही बारीक बांधलं तरी मशीन चालवणाऱ्यापासून मशीनमधलं लपवता येत नाही. पुढच्या महिन्यात मी एक जुना लॅपटॉप घेऊन येतो. तो आक्कांच्या कपाटात राहील, पासवर्ड त्यांनी स्वतः घालायचा. तुलाही कळता कामा नये, मलाही.

तोवर एकटी येऊ-जाऊ नकोस. क्लास थोडे दिवस बंद ठेव.

दादा

—

राजारामपुरी
२० सप्टेंबर २००९

प्रिय दादा,

जयभीम. तू परत बेंगळुरूला पोचल्याचं कळलं. बाळाचे फोटो आईनं शेजारच्या सगळ्यांना दाखवले.

लॅपटॉप आक्कांच्या कपाटात आहे. पासवर्ड घालताना त्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. मला बरं वाटलं. सर्व्हरवरचं 'घर' मी तू सांगितलंस तसं डिस्कसकट पुसलं. आता तिथं दोनच मशीन दिसतात. नवीन हिशोबनीस बाई आल्यात. त्यांचा युजर त्या ग्रुपमध्ये घालताना मी ओळ अर्धी टाईप करून बराच वेळ तशीच बसले होते.

इचलकरंजीची बाई बरी आहे असं आक्का म्हणतात. सुमो परत दिसली नाही. केरबाचं काही ऐकलं नाही. त्यानं मला शोधलं नाही, का शोधून ठेवलंय, ते कळायला मार्ग नाही. मी आता रोज वेगळ्या वाटेनं घरी जाते.

काल काका भेटले. क्लास परत सुरू केलाय, तो सुटल्यावर मी बसच्या थांब्यावर उभी होते. बाजूला येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. वाळलेत. भावापासून वेगळे निघालेत म्हणे, शिरोलीत एका कारखान्याच्या दारावर बसतात. आधी तुझ्या बाळाची चौकशी केली. ते त्यांना कुणी सांगितलं हा विचार माझ्या मनात लगेच आला, आणि मग आठवलं, मीच कार्यालयात सगळ्यांना सांगितलं होतं.

मग खाली बघत म्हणाले, "जेवती का येळच्या येळला?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. "बरं हाय," म्हणाले. "तुला म्हाईत न्हाय त्ये लई बरं हाय."

बस आली. मी चढले, खिडकीशी बसले. ते तिथंच उभे होते, हात वर केला नाही की काही नाही. बस वळेपर्यंत मी त्यांच्याकडं बघत होते असं त्यांना वाटलं असेल. मी त्यांच्या मागं कोण उभं आहे ते बघत होते.

तुझी,
दीक्षा